लंकाबाईची हजेरी

पाड्यावर घरे एकोणीस होती. दारेही एकोणीसच, आणि कुलूप एकालाही नाही. सगळी वेलाच्या दोरीने बाहेरून बांधलेली. अंगणांत पालथी घातलेली मडकी एकतीस. उखळे सात, मुसळ एकही नाही. कोंबड्या नाहीत, शेळ्या नाहीत. कुत्री दोन, मांजर एक. माणूस एकच, चिमाजी नावाचा म्हातारा. डावा पाय गुडघ्याखाली सुजलेला, पाठ भिंतीला टेकलेली. मी मोजत फिरले तेवढा वेळ तो माझ्याकडे पाहत होता. मोजणी संपल्यावर त्याने विचारले, "भरली का समदी? का येखादं चोरीला गेलं?"

१९३९ सालच्या जानेवारीचा पहिला आठवडा होता. हरसूलच्या पुढे डोंगरात असलेल्या या पाड्यावर मी आणि हरसूल चौकीचे हवालदार कोंडाजी एका बाईच्या शोधात आलो होतो. तिचे नाव लंकाबाई. दीड वर्षापूर्वी जंगलखात्याच्या एका गार्डाने तिची लाकडाची मोळी ओढली. मोळीबरोबर तीही पडली. उठल्यावर तिने कोयत्याच्या दांड्याने त्याचा हात मोडला. दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. त्यातले चौदा महिने येरवड्याला काढल्यावर उरलेली शिक्षा अटीवर माफ होऊन ती सुटली होती.

अटी तीन होत्या. चांगली वागणूक ठेवावी. आपल्या गावी राहावे, परवानगीवाचून गावाची हद्द सोडू नये. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी हरसूलच्या चौकीवर येऊन हजेरी द्यावी. लंकाबाईच्या लागोपाठ तीन हजेऱ्या चुकल्या, तेव्हा चौकीने 'फरार' असा शेरा मारून कागद नाशिकला प्रांतसाहेबांकडे पाठवला. शेरा कायम झाला, तर तिला उरलेले दहा महिने भोगायला पुन्हा येरवड्याला जावे लागणार होते.

मी नाशिकच्या एका मंडळीत नोकरीला होते. अटीवर सुटलेल्या बायकांवर देखरेख करणे आणि त्यांच्याबद्दल सरकारला कळवणे हे माझे काम. मंडळीचे कार्यालय म्हणजे गंगापूर रस्त्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी अशा ठिकाणी का बसते, हे माझ्या आत्याला शेवटपर्यंत कळले नाही. मला स्वतःला त्यात कठीण असे काही वाटत नव्हते. एखादी वस्तू कुठे आहे आणि कशी वागते हे ठरावीक काळाने पाहायचे आणि पाहिले तेवढेच लिहायचे, हे मी प्रयोगशाळेत चार वर्षे केले होते.

कोंडाजींना दिवस मावळायच्या आत परतायचे होते. एकोणीस बंद दारे त्यांनी पाहिली होती. त्यांच्या मते शेरा पक्का झाला होता. मी चिमाजीला लंकाबाईचे घर उघडायला सांगितले. आत चुलीत राख सारखी करून तिच्यावर टोपले पालथे घातले होते. आढ्याला एक लहानशी कणगी टांगलेली होती, शेणाने लिंपून तोंड बंद केलेली. तिच्यात काय आहे असे विचारल्यावर चिमाजी म्हणाला, "नागलीचं बी. पुढल्या सालाचं."

मी कोंडाजींना म्हटले, की कायमची पळून जाणारी बाई पुढच्या पेरणीचे बियाणे घरात टांगून जाणार नाही.

"बाईसाहेब," कोंडाजी शांतपणे म्हणाले, "आमच्या कागदावर बियाण्याचा रकाना नाही."

सगळा पाडा कुठे गेला हे चिमाजीने अगदी सरळ सांगितले. भात निघाले, नागली निघाली, आता डोंगरात पावसाळ्यापर्यंत काम नाही. दरवर्षीप्रमाणे सगळे खाली जगायला गेले होते. यंदा पिंपळगाव बसवंतला, कांद्याच्या लागणीला. पायामुळे तो एकटा मागे राहिला होता. मी विचारले, लंकाबाईने हजेरीचे काही सांगितले होते का. तो म्हणाला, सांगितले होते. तिने चौकीवरच्या शिपायाला आधी विचारले, की पाडा जातो आहे तर मी काय करू. शिपाई म्हणाला, तू राहा. तिने विचारले, खाऊ काय. त्यावर शिपायाने तिला बाहेर काढले.

"मंग गेली," चिमाजी म्हणाला. "मी न्हाय का बसलो? मला इचार येकट्यानं कसं बसतात ते."

हे मी परत येताना कोंडाजींना विचारले. शिपायाने असे खरेच केले का? ते म्हणाले, शिपाई तरुण आहे, आणि बाजाराच्या दिवशी चौकीत फार गर्दी असते.

दोन दिवसांनी आम्ही सर्व्हिस मोटारीने पिंपळगावला गेलो. कोंडाजींच्या खिशात पकडण्याचा हुकूम होता आणि कमरेला पट्टा होता. मी त्यांना पट्टा काढून ठेवा म्हटले. शेताच्या मालकाला पूर्वीची हकीकत कळली तर बाईचे काम जाईल. पट्ट्याशिवाय आपण कोण हे आपल्यालाच आठवत नाही, असे उत्तर मिळाले.

सावळीराम पाटलाचा मळा गावाबाहेर होता. वाफ्यांत पाणी सोडलेले होते आणि सोळा बायका चिखलात ओळीने बसून कांद्याचे रोप अंगठ्याने खोवत मागे मागे सरकत होत्या. लंकाबाई कोणती हे विचारायची गरज पडली नाही. पट्टा पाहून पंधरा जणी थांबल्या, एकीचा अंगठा चालूच राहिला. तिशीची, उंच, काळीसावळी, कपाळावर गोंदण. मी बांधावरून वाकून हळू आवाजात माझे नाव आणि मंडळीचे नाव सांगितले.

"हळू कशाला बोलती?" ती सगळ्या मळ्याला ऐकू जाईल असे म्हणाली. "गार्डाचा हात मी मोडला. चवदा म्हयने जेलात व्हते. ह्या समद्यांना ठावं हाय. सावळीरामालाबी ठावं हाय. म्हनून तर मजुरी येळेवर देतो."

बायका हसल्या. बांधावर उभा असलेला सावळीरामही हसला, पण जरा उशिरा.

मी तिला हुकूम समजावून सांगितला. प्रांतसाहेबांपुढे यावे लागेल, नाहीतर कोंडाजींना तिला धरून न्यावे लागेल. ती म्हणाली, उपटलेले रोप आज लागले नाही तर सुकेल. लावून होईपर्यंत हवालदाराने सावलीत बसावे. कोंडाजी खरोखरच सावलीत बसले. रोप संपल्यावर ती पाटात हात धुऊन आली आणि चल म्हणाली. तिच्यामागे बाकीच्या पंधरा जणीही हात धुऊन उभ्या राहिल्या.

कोंडाजींनी सांगितले की हुकूम एकीचाच आहे. टोळीतली सर्वांत वयस्क बाई नवसाबाई पुढे झाली. जगायला निघालेल्या बाया संगतीने निघतात आणि संगतीने परततात, मधूनच एकीला एकटी सोडत नाहीत, असा त्यांच्या डोंगरातला नेम होता. एखादी आजारी पडली तर टोळी थांबते. एखादी मेली तर टोळी तिला घेऊन घरी जाते. कोंडाजी डोंगराच्या तोंडाशी पंधरा वर्षे नोकरीत होते. त्यांना हे माहीत असणारच. पण त्यांनी या नेमाचा आणि खिशातल्या हुकमाचा एकत्र विचार कधी केला नव्हता.

"ने की समद्यांना," नवसाबाई त्यांना म्हणाली. "तुझ्या चौकीत जागा न्हाय का? तुझ्या लेकीच्या लग्नात तर चौकीत लय मोठी जागा हाय म्हनून सांगत व्हतास."

आता सावळीराम घाबरला. एक बाई गेली तर त्याचे काही बिघडत नव्हते. सोळा गेल्या तर अर्धा मळा लागणीवाचून राहणार होता. तो कोंडाजींना बाजूला घेऊन बरेच बोलला, मग माझ्याशी बोलला आणि शेवटी स्वतःच म्हणाला, की माझ्या दोन बैलगाड्या घ्या, उद्याच जाऊन या, मीही येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रांतकचेरीच्या आवारात सोळा बायका, एक पाटील, एक हवालदार आणि मी असे उतरलो. शिरस्तेदार बाहेर आले आणि हा मोर्चा कोणत्या पक्षाचा आहे असे विचारू लागले. मी म्हटले, मोर्चा नाही, एक आरोपी आहे. त्यांनी बायकांकडे पाहिले आणि यांतली कोणती, असे विचारले. नवसाबाई म्हणाली, "वळख."

प्रांतसाहेब पन्नाशीचे, थकलेले, नीटनेटके गृहस्थ होते. त्यांनी सर्वांना आत घेतले, कारण दार लावले असते तर आवाज आणखी वाढला असता. कागद वाचून त्यांनी लंकाबाईला विचारले, की गावी राहण्याची अट तुला वाचून दाखवली होती की नाही. ती म्हणाली, दाखवली होती. मग गाव का सोडलेस?

"मी न्हाय सोडलं," लंकाबाई म्हणाली. "गाव हे काय, माझ्या संगं आलंय. बघ, दाटीनं उभं हाय."

शिरस्तेदारांनी तिला साहेबांना 'तू' म्हणू नकोस असे बजावले. साहेबांनी हाताने त्यांना थांबवले.

"पयली अट चांगलं वागायची हाय ना?" ती पुढे म्हणाली. "पाड्यावर बसून कुनाशी चांगलं वागू? चिमाजी म्हातारा हाय नि येक मांजर. जेलात व्हते तवा हजेरीला शिपाई माझ्याकडं यायचा. आता सुटले म्हनता, तर हजेरीमागं मीच पळू? मंग जेल बरा. तिथं भाकर तरी मिळती. धाड मला माघारी. पन फरार लिवू नको. फरार मी न्हाय. पळायचं आसतं तर गार्डापुढंच पळाले आसते."

प्रांतसाहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि मंडळीचे म्हणणे विचारले.

मंडळीने मला काही म्हणणे दिलेले नव्हते. मी माझे सांगितले. ही अट घालण्याचा हेतू बाई कुठे आहे आणि कशी वागते हे सरकारला कळावे, एवढाच आहे. पाड्यावर ती बसली असती तर तिला पाहणारा माणूस एक, तोही पायाने अधू. टोळीत ती दिवसभर पंधरा जणींच्या नजरेपुढे आहे. म्हणजे अट पाळली असती तर सरकारला कमी कळले असते, आणि मोडल्यामुळे जास्त कळते आहे. आपण दुर्बीण एका जागी पक्की बसवून ठेवली आहे आणि तारा सरकला म्हणून ताऱ्याला शिक्षा करतो आहोत. हजेरी टोळी असेल तिथे घ्यावी. दर गुरुवारी मी जाईन.

शिरस्तेदार हसले. गुन्हेगारांना बाहेर ठेवून देखरेखीत सुधारण्याचा नवा कायदा झाल्यापासून शिकलेल्या मुली फार उत्साहाने येतात, म्हणाले. फाल्गुनातले ऊन लागले की घरी बसतात. मग हजेरी कोण घेणार? मी पुन्हा म्हटले, मी जाईन. माझा आवाज ठरवल्यापेक्षा मोठा निघाला.

"जाईन म्हनती," लंकाबाई म्हणाली. "मंग तिचीबी हजेरी घ्या. माझी चुकली तर मी जेलात. तिची चुकली तर?"

प्रांतसाहेबांनी हुकूम सांगितला. शिमग्यापर्यंत आठ गुरुवार होते. तेवढे दिवस प्रयोग म्हणून हजेरी कामाच्या जागी घ्यावी. एकही चुकली तर शिक्षेची माफी रद्द. माझ्या हजेरीबद्दल त्यांनी काही लिहवले नाही.

ते काम नवसाबाईने कचेरीच्या पायऱ्यांवर केले. डोंगरात मजुरीचे दिवस दोरीला गाठी मारून मोजतात. तिने अंबाडीच्या दोन दोऱ्या वळल्या. एक लंकाबाईची, एक माझी. दोन्ही तिने स्वतःच्या कनवटीला खोवल्या आणि मला म्हणाली, "तू शिकल्याली हायस, पन दोरी माझ्याकडं ऱ्हाईल."

पहिले चार गुरुवार काही झाले नाही. मी मोटारीने जाई, मळा शोधी, बांधावर बसून लंकाबाईशी बोले, आणि कागदावर सही करी. नवसाबाई दोन गाठी मारी. हळूहळू इतर बायकाही बोलू लागल्या. कुणाला ताप, कुणाचा नवरा गुऱ्हाळावर मजुरी पिऊन टाकतो. हरसूलच्या चौकीतल्या वहीवरून यातले काही कळणे शक्य नव्हते. चौथ्या आठवड्यानंतर कांद्याची लागण संपली आणि टोळी तीन मैलांवरच्या द्राक्षमळ्यात गेली. तिथे वेल पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेले होते आणि बायका घडांवरचे पक्षी हाकत होत्या. त्या गुरुवारी मला टोळी सापडायला दुपार झाली. लंकाबाई पांगाऱ्याखाली उभी होती. "तारा सरकला व्हय?" तिने विचारले. दुर्बिणीची गोष्ट तिने लक्षात ठेवली होती, आणि तीवरून टोळीत बरेच दिवस माझी थट्टा चालली होती.

सहाव्या गुरुवारी मला हिवताप आला. पहाटेपासून थंडी वाजत होती. आत्याने अंगावर तीन रजया घातल्या आणि दाराला आतून कडी लावली. मी दोनदा उठले आणि दोन्ही वेळा पडले.

पुढच्या गुरुवारी क्विनीनने कान गुणगुणत असताना मी मळ्यात पोचले, तेव्हा बायकांनी दुरूनच ओरडायला सुरुवात केली: फरार आली, फरार आली, हवालदाराला बोलवा. लंकाबाई मात्र हसली नाही. मागच्या आठवड्यात ती हात धुऊन दिवस मावळेपर्यंत बांधावर बसली होती. सावळीराम तिकडून जाताना म्हणाला होता, तुझी बाई आता येत नाही, आठ दिवसांत तुला न्यायला येतील. मुलखात पळायचे तर आजच पळ. तिने त्याला आपले काम कर म्हणून सांगितले.

"मी बसले व्हते," ती मला म्हणाली. "लिव."

मी लिहू शकत नव्हते. मी न पाहिलेल्या गोष्टीवर सही करणे मला येत नव्हते, आणि मी आले होते असे खोटे लिही, असे तिनेही म्हटले नव्हते. ती बसली होती एवढेच लिही म्हणत होती. मी त्या गुरुवारची जागा कोरी ठेवली.

शिमग्याच्या आधीच्या शनिवारी कागद प्रांतकचेरीत गेले. शिरस्तेदारांनी कोऱ्या जागेत 'गैरहजर' भरले आणि माफी रद्द करण्याची शिफारस लिहिली. हे कळताच मी तशीच पिंपळगावला गेले, नवसाबाईकडून दोन्ही दोऱ्या मागितल्या आणि सोमवारी सकाळी कचेरी उघडायच्या आत पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले. नवसाबाई दोऱ्या सहज देईना. मी त्या कशासाठी नेते आहे हे तिने मला तीनदा सांगायला लावले.

प्रांतसाहेबांना मी सांगितले, की त्या गुरुवारी गैरहजर मी होते. कागदावर रकाना एकच आहे, त्यामुळे तपासणारा आला नाही तरी गैरहजेरी तपासल्या जाणाऱ्या बाईच्या नावावर पडते. रकाना चुकीचा आहे. तो बदलल्याशिवाय मी या शिफारशीवर सही करणार नाही, आणि मंडळीने मला काढून टाकले तरी करणार नाही.

शिरस्तेदार म्हणाले, बाई त्या दिवशी जागेवर होती याला पुरावा काय? मी दोऱ्या टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्या गाठी नवसाबाईने कशासाठी मारल्या ते सांगितले. ते म्हणाले, गाठ काय, कुणीही मारेल.

"कुणीही मारेल," मी म्हटले. "मग माझ्या दोरीला का मारली नाही? मी तिच्यावरची अधिकारी. मला खूश ठेवण्यात त्यांचा फायदा होता. ज्या बाईने माझी चूक सोडली नाही, तिने लंकाबाईची झाकली असेल असे तुम्ही कशावरून म्हणता?"

प्रांतसाहेबांनी चष्मा पुसला. मग दोऱ्या उचलून, खिडकीशी उजेडात धरून, त्यांनी एकेक गाठ बोटाने सरकवत स्वतः मोजल्या. एकदा मोजून झाल्यावर पुन्हा मोजल्या. शिफारशीवर त्यांनी आडवी रेघ मारली. लंकाबाईच्या अटींतली गावी राहण्याची ओळ काढावी, टोळी असेल तिथे हजेरी घ्यावी, आणि कागदावर दुसरा रकाना आखावा, असे त्यांनी लिहवले. शिरस्तेदारांनी पट्टी घेऊन रेघ ओढली आणि आकडे काय घालू असे विचारले. साहेबांनी दोऱ्या त्यांच्यापुढे सरकवल्या.

लंकाबाई: आठांपैकी आठ. देखरेख अधिकारी: आठांपैकी सात.